गालामागचा काळोख

"मला सायनस हाय."

परभणीत आमच्या सेंटरच्या बाकावर येऊन टेकलेलं माणूस पहिलं वाक्य बहुधा हेच बोलतं. शुगर हाय, बीपी हाय, त्याच सुरात. मी मशीनचा हनुवटीचा टेकू पुसता पुसता म्हणतो, "मला पण आहे." समोरच्याला जरा बरं वाटतं. मग मी पुढचं सांगतो, "आमच्या मॅडमला आहे, बाहेरच्या चहावाल्याला आहे, तुमच्या सरपंचाला पण आहे. सायनस नसलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही." त्यावर ते माणूस माझ्याकडं असं बघतं, की ह्या म्हाताऱ्याला कामावर कुणी ठेवलं.

सायनस हा रोग नाही. कवटीतल्या रिकाम्या खोल्यांचं ते नाव आहे. कपाळात आहेत, नाकाच्या मुळाशी आहेत, आणि सगळ्यात मोठ्या दोन खोल्या दोन्ही गालांच्या मागं. आत हवा, दुसरं काही नाही. खोली तुंबली, सुजली, पू भरला की दुखणं. पण आपल्याकडं खोलीलाच रोगाचं नाव पडलं, ते पडलंच. माझी बायको म्हणते तुमचं डोकं रिकामं आहे. ते शास्त्राला धरून आहे, फक्त तिचंही तसंच आहे हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

मी एक्स-रेवाला. डॉक्टर नाही. उभी हयात दवाखान्याच्या अंधारखोलीत गेली. लाल दिवा, पाण्याच्या टाक्या, चिमट्याला लटकवलेल्या ओल्या फिल्मा, आणि घरी गेल्यावरही बोटांना येणारा औषधाचा आंबूस वास. निवृत्त झालो आणि आता नातवंडं खेळवायची म्हणून बसलो, तर आठवड्यातच घरातल्यांना माझा कंटाळा आला. तेवढ्यात इथं दातांच्या थ्रीडी स्कॅनचं सेंटर निघालं. ज्यांनी काढलं त्या मॅडम दातांच्याच डॉक्टर, पण दात काढणं-भरणं करत नाहीत. जबड्याची, तोंडाची चित्रं वाचायचं शिक्षण घेतलेल्या. मी मशीन चालवतो, त्या चित्र वाचतात. म्हणजे गाडी मी हाकायची आणि वाट त्यांनी सांगायची. सगळे मला मामा म्हणतात, मॅडमसुद्धा.

हे मशीन काय करतं ते सांगतो. जुना एक्स-रे म्हणजे चेहऱ्याची भिंतीवर पडलेली सावली. सावलीत नाक, दात, गालाचं हाड सगळं एकावर एक चढतं. पुढचं कोणतं, मागचं कोणतं, कळायला मार्ग नाही. हे मशीन तुम्हाला उभं करून डोक्याभोवती एक चक्कर मारतं आणि जाता जाता शेकडो चित्रं घेतं. कॉम्प्युटर ती जुळवतो. मग मॅडमनी माऊस हलवला की तुमचा चेहरा कांद्यासारखा चिरता येतो. उभा चिरा, आडवा चिरा, तिरपा चिरा. डोळ्यांत पाणी मात्र येत नाही.

पडद्यावर हाड पांढरं दिसतं. पू, सूज, मांस हे राखाडी. आणि हवा काळी. पहिल्यांदा गालामागची खोली आरपार बघितली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. दोन बाजूंना दोन काळ्याभोर खोल्या, कडेनं पांढऱ्या हाडाची बारीक रेघ, आणि त्या रेघेला खालून टेकलेली वरच्या दाढांची मुळं. हाड किती पातळ म्हणाल, तर काही माणसांत कागदाएवढंच. खाली दाढा ज्वारीची भाकर रगडतायत आणि वर एवढ्याशा पडद्यापलीकडं शांत हवा भरून राहिली आहे. हाडं बघण्यात जन्म गेला माझा, पण हाडांनी इतकी नेमकी जागा रिकामी सोडलेली मी पाहिली नव्हती. मी हात जोडले. मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं.

त्या पातळ हाडापायी काय काय होतं बघा. येलदरीच्या धरणावर मासे धरणारा एक गडी आला. वरच्या दाढा ठणकतात म्हणून त्यानं कुठंतरी दोन काढून घेतल्या होत्या, आणि ठणका थांबला नाही म्हणून आता तिसरी काढायला निघाला होता. वाटेत एका भल्या डॉक्टरनं त्याला अडवलं आणि आधी स्कॅन करून ये म्हटलं. पडद्यावर दाढेची मुळं स्वच्छ. वरची खोली मात्र गच्च भरलेली, सर्दी मुरून मुरून. तिचा दाब मुळांवर येत होता आणि बिचाऱ्याला वाटत होतं दाढच दुखतेय. मॅडमनी समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "मंग त्या दोन?"

मॅडमनी माऊस सोडला. तोच म्हणाला, "त्या फुकट गेल्या म्हणा." आणि खिंडार पडलेल्या जबड्यानं मोकळा हसला. मला काही हसू आलं नाही. सपाट फिल्मांच्या जमान्यात अशा किती दाढा फुकट गेल्या असतील, ते कुणी सांगावं.

वरचा मजला गळतो आणि मार तळमजला खातो, एवढं त्या दिवशी मी शिकलो. ह्याच्या उलटंही होतं, आणि ते झालं तर अख्खं घर मोडायला निघतं, हे मला राणीसावरगावच्या निलावतीबाईंनी शिकवलं.

साठीच्या आसपासच्या बाई. अंगानं शेलाट्या, कपाळाला विभूतीचे पट्टे, लिंगायत घरातल्या. सोबत मुलगा, मन्मथ. गावात त्यांचं किराणा दुकान. गंगाखेडच्या दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. डाव्या बाजूच्या वरच्या दाढेचा स्कॅन, आणि तक्रारीच्या जागी लिहिलेलं, तोंडाला वास येतो.

माझी रीत अशी, की चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो, माणसाला एकदा त्याच्या तोंडून विचारायचं. मी विचारलं, "तोंडाचा वास येतो का आई?"

"न्हाई हो," बाई तडकल्या. "तोंडाचा कामून? मला वास येतो."

आता आपल्या भाषेची गंमत बघा. 'वास येतो' एवढंच म्हटलं तर कळत नाही, की माणूस वास घेतंय का वास मारतंय. डॉक्टरांनी एक ऐकलं, बाईंनी दुसरं सांगितलं. मी विचारलं, "तुम्हाला येतो? कशाचा?"

"समद्याचा. उंदीर मेल्यावानी. वरणाला येतो, भाकरीला येतो, पाण्याला येतो. घरातल्या कुणालाच येत न्हाई, मला एकटीलाच येतो."

मन्मथ भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडं बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला नाही येत?" तो काही बोलायच्या आत आईनंच उत्तर दिलं, "त्याला कशाला येईल? त्यो बायकोच्या ताटाखालचं मांजर हाय."

फॉर्म भरता भरता बाकीचं कळलं. थोडं बाईंकडून, थोडं मन्मथकडून, त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा. सुनेचं नाव महानंदा, माहेर पाथरीचं. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, संसार चांगला चाललेला. मग हा वास सुरू झाला. सासूला वाटायला लागलं सून घाण हातानं सैपाक करते, भांडी नीट घासत नाही, मुद्दाम शिळं वाढते. महानंदा भांडी दोनदा घासायला लागली, तीनदा घासायला लागली, पण वास काही जाईना. शेवटी एका सोमवारी तिनं नैवेद्याचं ताट आणलं, आणि देवाच्या ताटाला सडका वास येतो म्हणून सासूनं ते शेजारपाजारच्यांसमोर माघारी दिलं. महानंदा त्याच दिवशी माहेरी गेली. तेव्हापासून तिकडंच होती.

"येत्या सोमवारी पाथरीची माणसं बैठकीला यायलेत," मन्मथ खाली बघून म्हणाला. "नांदवायचं का सोडायचं, ते एकदाचं ठरवायला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं, मामा. मला तिच्या हातच्या जेवणाला कधीच वास आला न्हाई. पण आईला खोटं कसं म्हणू? ती खोटं बोलणारी बाई न्हाई."

आता स्कॅन. मशीनमध्ये उभं राहायचं तर डोक्या-मानेवर धातू चालत नाही. चित्रात त्याच्या पांढऱ्या रेघोट्या उमटतात. कानातलं, नाकातलं, केसांचे आकडे, मंगळसूत्र, सगळं काढून बाईंनी मुलाच्या रुमालात बांधून दिलं. राहिलं गळ्यातलं इष्टलिंग. चांदीच्या करंड्यातलं, आखूड दोऱ्यात बांधलेलं, नेमकं हनुवटीच्या टेकूला अडत होतं.

"हे उतरत न्हाई," बाई म्हणाल्या. त्यात भांडण नव्हतं. पाऊस पडतो, रात्र होते, तसं सांगितलं.

मला ते ठाऊक होतं. जन्मापासून अंगावर असतं ते, माणसाबरोबरच जातं. ते काढा म्हणायची माझी जीभ झाली नसती. मॅडम आतून आल्या, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आई, पूजेला कुठं घेता?"

"डाव्या तळहातावर."

"मग तसंच घ्या. अंगावेगळं करायचं नाही. मुठीत धरा आणि उभ्या राहा."

बाईंनी मॅडमकडं नीट बघून घेतलं. मग करंडा मुठीत घेतला, मूठ छातीशी धरली, उजव्या हातानं मशीनची दांडी पकडली. मी सांगितलं, "गिळायचं नाही, हलायचं नाही, डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले. मशीननं चक्कर मारली. लोक हलतात, खोकतात, फोटो निघाला का म्हणून बघायला मान वळवतात. ही बाई दगडातून कोरल्यासारखी उभी होती. ओठ तेवढे आतल्या आत पुटपुटत असावेत असं मला वाटलं, पण चित्र काचेसारखं आलं.

मॅडमनी ते उघडलं आणि मी त्यांच्या खुर्चीमागं उभा राहिलो. उजवी खोली काळी, स्वच्छ. डावी खोली तळापासून छतापर्यंत राखाडी. मॅडमनी उभा छेद घेतला आणि माऊस हळूहळू मागं नेला. बऱ्याच वर्षांपूर्वी मूळ भरून टोपी बसवलेली दाढ आली. तिच्या एका मुळाच्या टोकाशी हाडच नव्हतं. रांजणाच्या बुडाला भोक पडावं तशी खोलीची जमीन तिथं उघडी पडली होती. खालचा पू त्या भोकातून वर चढत होता, आणि दाढ वरून टोपी घालून सभ्य बसली होती, ठणकाही न देता.

तांदळाच्या दाण्याएवढं ते भोक. त्यातून राणीसावरगावच्या एका घरातली सून बाहेर पडली होती.

मॅडमनी दोघांना आत बोलावलं. बाईंनी पडद्याकडं बघितलं आणि लगेच काळ्या खोलीवर बोट ठेवलं. "ही बाजू समदी काळी पडलीय. सडली का?"

"नाही आई," मी न राहवून बोललो. "काळं तेच चांगलं. काळं म्हणजे हवा. ही दुसरी बाजू बघा, ही काळी दिसायला पाहिजे होती."

मॅडमनी मग सावकाश सगळं सांगितलं. दाढ, मूळ, भोक, पू. ही खोली एका बारीक खिडकीनं नाकात उघडते. घाण इथं साठते आणि तिचा वास खिडकीतून आतल्या आत नाकात जातो. म्हणून तो दुसऱ्या कुणाला येत नाही. घास तोंडाशी नेला की येतो, तांब्या ओठाला लावला की येतो, कारण नाक तुमचं तुमच्याबरोबरच असतं.

"वास खरा आहे आई. तुम्ही खोटं बोलत नव्हता," मॅडम म्हणाल्या. "फक्त तो ताटातून येत नव्हता."

बाईंचा करंडा अजून डाव्या मुठीतच होता. उजव्या हाताची बोटं त्यांनी गालावर ठेवली, नाकाच्या बाजूला, आणि जरा दाबून बघितलं.

"म्हंजे म्या ज्याला नावं ठेवली, ते माझ्याच थोबाडात व्हतं," त्या म्हणाल्या. मग मॅडमकडं वळून, "पक्कं हाय का, डॉक्टरीणबाई? मी आता एक शब्द माघारी घ्यायला निघालेय. पुन्हा फिरवता येणार न्हाई."

मॅडम खोटा धीर देत नाहीत. त्या म्हणाल्या, "चित्रात मला दाढ दिसते, भोक दिसतं, भरलेली खोली दिसते. वास चित्रात दिसत नाही. पण माझं मत विचाराल तर वास तिथलाच आहे. दाढेचा आणि नाकाचा इलाज झाला की कळेल."

निलावतीबाईंनी करंडा परत गळ्यात घातला, दागिने चढवले, आम्ही छापून दिलेल्या फिल्मचं पाकीट काखेत मारलं आणि मला विचारलं, "मामा, पाथरीची यष्टी कुठं लागती?"

मन्मथ दचकला. "आई, आज? बैठक सोमवारी हाय."

"बैठकीला लोक बसत्यात. मला लोकांशी बोलायचं न्हाई, तिच्याशी बोलायचं हाय. का मुहूर्त काढायचा?"

पाथरीत काय झालं ते मला मन्मथनं नंतर सांगितलं. बाईंनी फिल्म खिडकीपाशी उलटी धरून काळं म्हणजे चांगलं हे साऱ्यांना समजावलं आणि कुणालाच काही समजलं नाही. मग फिल्म खाली ठेवली आणि सुनेला सरळ म्हणाल्या, माझं चुकलं, घरी चल. महानंदा पाया पडली, तिनं चहा दिला, आणि म्हणाली, "आत्याबाई, मला फोटू कळत न्हाई. तुमचं नाक बरं होऊ द्या. चार दिसांनी पुन्हा ताट माघारी आलं, तर म्या परत कोणत्या तोंडानं इथं येऊ?"

बैठक पुढं ढकलली गेली. पोरीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

इलाजाला वेळ लागला. दाढ काढली, पण खोली अशी मुरलेली की नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना नाकातून दुर्बीण घालून ती साफ करावी लागली. मधे बरेच महिने गेले. मी म्हणाल तर विसरलो नव्हतो. रोज सकाळी मशीन सुरू करताना त्या डाव्या मुठीची आठवण यायची. आमच्याकडं विनाकारण स्कॅन पुन्हा करत नाहीत, किरणं ती किरणंच. पण त्या डॉक्टरांना खोलीच्या जमिनीचं भोक भरलं का ते बघायचं होतं. म्हणून एक दिवस निलावतीबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. मागं मन्मथ. आणि त्याच्याही मागं, दाराच्या चौकटीशी, हातात डबा घेतलेली एक तरणी बाई. कुणी ओळख करून दिली नाही, पण मला कळलं. ती पाथरीहून थेट आली होती, राणीसावरगावहून नाही.

निलावतीबाईंनी दागिने काढले. मुलानं रुमाल पुढं केला. त्यांनी तो बघितलाच नाही. दागिने सुनेच्या ओंजळीत ठेवले. करंडा डाव्या मुठीत घेतला आणि सांगायच्या आत जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडमनी चित्र उघडलं. मी लगबगीनं त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, माझ्या घरचं कुणी असल्यागत. उजवी खोली काळी. माऊस फिरला. डावी खोलीही काळी. तळाशी नवं हाड धरत होतं, कच्चं, धुरकट, पण धरत होतं. आत मोकळी हवा. ज्या मापानं ती खोली मुळात सोडलेली होती त्याच मापानं ती परत रिकामी झाली होती. त्या काळ्या चौकोनाकडं बघून मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"काळं हाय," निलावतीबाई सुनेला पडदा दाखवत म्हणाल्या. "काळं तेच चांगलं असतंय."

महानंदानं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पुढं झाली आणि डबा टेबलावर ठेवला. "मला ह्यातलं कळत न्हाई," ती हळू म्हणाली. "पुरणाच्या पोळ्या हायेत. पाथरीतून करून आणल्यात."

मॅडमनी कीबोर्ड बाजूला सारला. मन्मथ पुन्हा दातांच्या तक्त्याकडं बघायला लागला.

निलावतीबाईंनी झाकण काढलं. डबा उचलून नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग डबा खाली करून माझ्याकडं बघितलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "मला वास येतो."

पहिल्या दिवशीचंच वाक्य. महानंदाचा हात डब्याच्या झाकणावर गेला होता.

"वेलदोड्याचा," निलावतीबाई म्हणाल्या.

झाकण महानंदाच्या हातात तसंच राहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले, एकदा, मग पुन्हा. आवाज आला तेव्हा तो रडका नव्हता, चांगला करारी होता. "जायफळ हाय ते, आत्याबाई. म्या पुरणात वेलदोडा कधीच घालत न्हाई."

"असंल," सासू म्हणाली. "नाक नवं हाय. शिकंल तुझ्या हाताखाली."

एक पोळी मलाही मिळाली. जायफळच होतं.